शूर्पारकाचा पूर्ण आणि अजिंठ्याचे रंग

पश्चिम रेल्वेच्या नालासोपारा स्थानकांत सकाळच्या वेळीं मुंबईकडे जाणारी गाडी उभी राहिली, म्हणजे फलाटावर मुंगीलाहि वाट मिळत नाहीं. पोटापाण्यासाठीं धांवणाऱ्या ह्या गर्दीपैकीं फार थोड्यांना आठवण असेल कीं, ज्या गांवाच्या नांवाची पाटी ते रोज वाचतात, तें गांव एके काळीं अपरांतांतील मोठें भरभराटीचें बंदर होतें. महाभारतांत शूर्पारक, पाली वाङ्मयांत सुप्पारक आणि इसवी सनाच्या पहिल्या शतकांतील ग्रीक प्रवासग्रंथांत सुप्पारा, अशीं त्याचीं नांवें आढळतात. सम्राट अशोकाच्या आठव्या शिलाशासनाचा तुकडा येथें सन १८८२ मध्यें मिळाला आणि नवव्याचा तुकडा सन १९५६ मध्यें जवळच्याच भुईगांवीं मिळाला.

त्याच १८८२ सालच्या एप्रिल महिन्यांत पंडित भगवानलाल इंद्रजी यांनीं, लोक ज्याला ‘बुरुड राजाचा कोट’ म्हणत, तें टेकाड खणविलें. आंत विटांचा स्तूप निघाला आणि स्तूपाच्या गर्भांत एक दगडी पेटी. पेटींत तांब्याचा करंडक आणि त्याच्याभोंवतीं आठ लहान मूर्ति, मैत्रेयाची एक व सात बुद्धांच्या सात, करंडकाच्या आंत करंडक असे उघडीत गेल्यावर चांदी, स्फटिक आणि शेवटीं सोनें, सोन्याचीं फुलें, यज्ञ सातकर्णीचें चांदीचें नाणें, आणि अगदीं आंत मातीच्या भांड्याच्या कांहीं खापऱ्या. बुद्धाच्या भिक्षापात्राचे अवशेष म्हणून कोणीं तरी त्या श्रद्धेनें जपल्या असाव्या. हा ठेवा मुंबईच्या एशियाटिक सोसायटीकडे आहे. शतकानुशतकें मातीखालीं राहूनहि सोन्यानें आपला पिवळेपणा सोडला नाहीं आणि स्फटिकानें आपला स्वच्छपणा सोडला नाहीं. धातूला आणि दगडाला हें साधतें. रंगाला तें साधत नाहीं. आणि आजचा विषय आहे तो रंगाचाच.

सोपाऱ्याचे वाडे, पेठा, गलबतें, व्यापाऱ्यांचीं वस्त्रें यांतलें आतां डोळ्यांना दिसण्याजोगें कांहीं उरलेलें नाहीं. परंतु ह्या बंदराची एक कथा रंगांत रंगविलेली आहे आणि ती दूर अजिंठ्याच्या डोंगरांत, दुसऱ्या लेण्याच्या भिंतीवर आहे. ती कथा ‘दिव्यावदान’ या संस्कृत बौद्ध ग्रंथांतल्या पूर्णाची. पूर्ण हा शूर्पारकांतील एका श्रीमंत व्यापाऱ्याचा दासीपासून झालेला मुलगा. बापाच्या मागें सावत्र भावांशीं वांटणी झाली तेव्हां त्याच्या पदरीं धन असें कांहींच पडलें नाहीं. पण मोळी विकणाऱ्या एका माणसाच्या डोक्यावरील लांकडांत गोशीर्ष चंदन आहे, हें त्यानें ओळखलें, आणि तेथून त्याचें दैव फिरलें. समुद्रावर व्यापार करतां करतां सोबतच्या प्रवाशांच्या तोंडून त्यानें बुद्धाचीं वचनें ऐकलीं आणि संसार टाकून तो भिक्षु झाला. पुढें त्याचा थोरला भाऊ भाविल चंदनाच्या शोधांत गेला असतां त्याचें जहाज तुफानांत सांपडलें. पूर्णानें तें वांचविलें. आणि त्या चंदनाचा प्रासाद शूर्पारकांत उभारून बुद्धाला तेथें बोलाविलें, अशी ही गोष्ट. दुसऱ्या लेण्यांत त्या जहाजाचें चित्र आहे. तीन डोलकाठ्या, त्यांवर उभीं शिडें आणि जहाजावर ओळीनें मांडलेले घडे, असें तें रूप इतिहासाचे व नौकानयनाचे अभ्यासक वारंवार पाहतात.

आतां असें समजा कीं, नालासोपाऱ्याचा एखादा हौशी गृहस्थ नवा कॅमेरा गळ्यांत घालून अजिंठ्यास गेला. लेण्यांत अंधार, फ्लॅशच्या लखलखाटास मनाई. त्यानें धीर धरून, हात स्थिर ठेवून जहाजाचें छायाचित्र घेतलें, तेंहि ज्याला ‘रॉ’ म्हणतात त्या कच्च्या स्वरूपांत. घरीं येऊन संगणकावर उघडून पाहतो तों काय! सगळें चित्र मळकट, फिकें, हिरवट-पिवळ्या धुक्यांत बुडालेलें. निळा कोठें, तांबडा कोठें, कांहीं समजत नाहीं. तो म्हणतो, यंत्र फसलें. यंत्र फसलेलें नसतें. आपण काय मागितलें आणि यंत्रानें काय दिलें, याचा उलगडा त्याला झालेला नसतो. तो होण्यासाठीं ह्या भिंतींवरील रंग उतरवून घेण्याचा दीडशे-दोनशे वर्षांचा उद्योग थोडक्यांत पाहावा लागतो.

सन १८१९ च्या २८ एप्रिलला जॉन स्मिथ नांवाचा मद्रास सैन्यांतील अधिकारी शिकारीच्या निमित्तानें वाघूर नदीच्या घळींत आला आणि लेणीं त्याच्या दृष्टीस पडलीं. दहाव्या लेण्याच्या खांबावर त्यानें खरडलेलें नांव अजून आहे. पुढें सन १८४४ मध्यें त्याच मद्रास सैन्यांतील रॉबर्ट गिल याची भित्तिचित्रांच्या नकला करण्यासाठीं नेमणूक झाली. त्यानें आपल्या आयुष्याचा उत्तम काळ ह्या घळींत घालविला आणि मोठमोठ्या रंगीत नकला लंडनला पाठविल्या. तेथें सिडनहॅमच्या क्रिस्टल पॅलेसमध्यें त्या मांडल्या होत्या. सन १८६६ च्या डिसेंबरांत आग लागून त्यांपैकीं बहुतेक जळून गेल्या. गिल पुन्हा कामास लागला. तो सन १८७९ मध्यें वारला. त्याची कबर भुसावळास आहे.

त्यानंतर मुंबईच्या सर जे. जे. कलाशाळेचे जॉन ग्रिफिथ्स यांनीं पेस्तनजी बोमनजी वगैरे विद्यार्थ्यांना बरोबर घेऊन सन १८७२ पासून १८८५ पर्यंत पुन्हा नकला केल्या. त्याहि लंडनला गेल्या आणि १८८५ सालच्या आगींत त्यांपैकीं पुष्कळशा नष्ट झाल्या. एकाच भिंतीच्या नकलांना दोनदां अग्नि लागावा, हा दैवदुर्विलासच म्हणावयाचा. तरी ग्रिफिथ्स यांचे दोन मोठे ग्रंथ सन १८९६-९७ मध्यें छापून निघाले आणि जगाला अजिंठा कळला. सन १९०९ ते १९११ या काळांत लेडी हेरिंगहॅम यांनीं नंदलाल बोस, असितकुमार हालदार, व्यंकटप्पा प्रभृति तरुण चित्रकारांच्या साह्यानें तिसरी फेरी केली. आपल्या महाराष्ट्रांत औंधचे अधिपति बाळासाहेब पंतप्रतिनिधि, जे स्वतः चित्रकार होते, त्यांनीं सन १९३२ मध्यें अजिंठ्यावर ग्रंथ प्रसिद्ध केला.

पण कुंचल्यानें केलेली नकल ही कितीहि इमानी असली तरी करणाऱ्याच्या डोळ्याची नकल असते. छायाचित्राला डोळा नाहीं, म्हणून तें खोटें बोलणार नाहीं, अशी एक समजूत त्या काळीं होती. प्रत्यक्षांत पहिल्या छायाचित्रांना रंगाची दृष्टिच नव्हती. गिल यानेंहि पुढें कॅमेरा हातीं घेतला. पण त्या वेळच्या ओल्या कांचेच्या पट्टीवर निळा प्रकाश तेवढा झटकन उमटे, तांबडा जवळ जवळ उमटतच नसे. म्हणजे निळें आकाश पांढरें फटक पडे आणि गेरूचा तांबडा कोळशासारखा काळा दिसे. ज्या भिंतीवर गेरू आणि हिरमुजी हाच मुख्य रंग, तिचें असें छायाचित्र म्हणजे तिच्या रूपाची उलटापालटच. सन १८७३ मध्यें जर्मनीच्या हेरमान फोगेलनें पट्टीच्या द्रव्यांत विशिष्ट रंगद्रव्य मिसळून तिला हिरव्या-पिवळ्या प्रकाशाची जाणीव करून दिली, आणि तेथून पट्टीची रंगदृष्टि सुधारूं लागली.

रंगीत छायाचित्राचें बीज मात्र त्याहून जुनें आहे. सन १८६१ मध्यें जेम्स क्लार्क मॅक्सवेल या शास्त्रज्ञानें लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमध्यें एका रंगीबेरंगी फितीचीं तीन छायाचित्रें, एक तांबड्या, एक हिरव्या आणि एक निळ्या पडद्यांतून घेतलेलें, अशीं एकावर एक प्रकाशांत टाकून दाखविलीं आणि पडद्यावर फीत रंगांत उमटली. तीन रंगांच्या बेरजेंतून सर्व रंग निघतात, हें तत्त्व तेव्हां प्रत्यक्ष दिसलें. पुढची सर्व रंगीत छपाई, सर्व रंगीत चित्रपट, सर्व डिजिटल कॅमेरे ह्याच एका तत्त्वावर उभे आहेत. आपल्याकडे भारतीय चित्रपटाचे जनक दादासाहेब फाळके हे आधीं छायाचित्रकार आणि ठसे करणारे कारागीर होते आणि तिरंगी छपाईचें तंत्र मिळविण्यासाठीं सन १९०९ मध्यें ते जर्मनीस गेले होते, ही गोष्ट पुष्कळांना ठाऊक नसते. सन १९०७ मध्यें फ्रान्समधील ल्युमिएर बंधूंनीं बटाट्याच्या पिठाचे सूक्ष्म कण तीन रंगांत रंगवून कांचेवर पसरले आणि त्यांतून प्रकाश गाळून एकाच पट्टीवर रंगीत चित्र घेतलें. हे रंगीत कण म्हणजे आजच्या कॅमेऱ्याचे खरे पूर्वजच होत.

कारण आजच्या डिजिटल कॅमेऱ्यांत फिल्मच्या जागीं जी चकती असते, तिच्यावर लक्षावधि सूक्ष्म घरें असतात; आणि आश्चर्य असें कीं, ह्यांपैकीं एकाहि घराला रंग कळत नाहीं. किती प्रकाश पडला एवढेंच तें मोजतें. म्हणून कोडॅक कंपनीच्या ब्राइस बायर या शास्त्रज्ञानें प्रत्येक घरावर एकेका रंगाची चिमुकली कांच बसविण्याची युक्ति काढली. तिचें पेटंट सन १९७६ मध्यें मिळालें. दर चार घरांत दोन हिरवीं, एक तांबडें, एक निळें. हिरवीं दुप्पट, कारण माणसाच्या डोळ्याला उजेड-अंधाराचा बारकावा हिरव्या प्रकाशांत अधिक कळतो. चित्र घेतलें म्हणजे प्रत्येक घराचा एक आंकडा नोंदला जातो, कोणत्या कॅमेऱ्यांत ४,०९६ पायऱ्यांपैकीं, कोणत्या कॅमेऱ्यांत १६,३८४ पायऱ्यांपैकीं. ह्या आंकड्यांची जी जशीच्या तशी वही, तीच ‘रॉ’.

ह्यावरून तो मळकटपणा कोठून आला हें कळून येईल. कच्चें छायाचित्र म्हणजे शिधा आहे. वाढलेलें ताट नव्हे. मोबाइलमध्यें किंवा कॅमेऱ्यांत जें तयार चित्र आपल्याला दिसतें, त्याचा स्वयंपाक यंत्रानें आपल्याला न विचारतां केलेला असतो. मीठ-मसाला त्याच्या मर्जीचा. शिधा हातीं घेणाऱ्यानें स्वयंपाक स्वतः करावयाचा असतो आणि त्याचा क्रम ठरलेला आहे.

पहिलें काम शेजारच्या घरांचे आंकडे पाहून प्रत्येक घराचे उरलेले दोन रंग अंदाजानें भरण्याचें. तें संगणक स्वतःच करतो. दुसरें काम पांढऱ्याचा तोल सांभाळण्याचें, आणि सर्व कौशल्य येथेंच आहे. आपला डोळा दिव्याच्या पिवळ्या उजेडांतहि पांढऱ्या कागदाला पांढराच म्हणतो. यंत्र तसें म्हणत नाहीं. म्हणून जाणता छायाचित्रकार त्याच प्रकाशांत एक करड्या रंगाचें पत्र आणि चोवीस रंगांच्या चौकोनांचा एक तक्ता धरून त्याचेंहि छायाचित्र घेतो. करडें पत्र संगणकावर करडें दिसेल असा तोल बसविला कीं, दिव्याचा रंग बाजूला होतो आणि वस्तूचा रंग उरतो. पुष्कळदां एवढ्यानेंच हिरवट धुकें विरून जातें.

तिसरें काम उजेडाची चढण बसविण्याचें. यंत्राला दुप्पट प्रकाश म्हणजे दुप्पट आंकडा. आपल्या डोळ्याला दुप्पट प्रकाश म्हणजे थोडासाच अधिक उजेड. ह्या भेदामुळें कच्चें चित्र जसेंच्या तसें दाखविलें तर अंधारें व मवाळ दिसतें. काळ्याला खरोखर काळें आणि पांढऱ्याला पांढरें करून मधला भाग योग्य वळणानें उचलला, म्हणजे रंग आपोआप जागे होतात. चौथें काम तक्त्याच्या चोवीस चौकोनांशीं ताडून त्या त्या कॅमेऱ्याच्या खोडी दुरुस्त करण्याचें. आणि पांचवें, अगदीं शेवटचें, रंगाचा गडदपणा वाढविण्याचें.

नवशिके नेमके ह्या पांचव्या कामापासून आरंभ करतात आणि तेथेंच बिघडतें. तोल चुकलेला असतांना रंग वाढविला, तर चूकहि तितकीच वाढते. पिवळट असेल तें हळदीसारखें होतें. शिवाय प्रत्येक रंगाला कांठोकांठ भरण्याची एक मर्यादा आहे. लग्नांतील लाल शालूचें चित्र पाहावें. रंग हवा तसा भडकविला कीं तांबड्याचें माप ओसंडतें, आणि पदराचीं बुट्टी, चुण्या, जरीची सांवली हें सर्व नाहींसें होऊन एक लाल डाग उरतो. भडकपणा वाढला, पण रंग गेला. म्हणून अलीकडच्या साधनांत एक सौम्य उपाय असतो. जे रंग आधींच भरलेले आहेत त्यांना तो फारसा हात लावीत नाहीं. जे फिके आहेत त्यांनाच थोडा पुढें आणतो आणि माणसाच्या कांतीला जपतो. पैठणीला आणि नवरीच्या चेहऱ्याला एकाच मापानें मोजूं नये, हें तारतम्य त्यांत आहे.

अजिंठ्याच्या बाबतींत हें तारतम्य केवळ सौंदर्याचें राहत नाहीं, सत्याचें होतें. तेथील चित्रकारांचे रंग बाजारी भडक नव्हते. तांबडा व पिवळा गेरू, डोंगरांतलीच हिरवी माती, दिव्याची काजळी, पांढरी माती, असा मातीचाच बहुतेक संसार. आणि त्यांत वाकाटककालीन लेण्यांत एक परदेशी पाहुणा, दूर बदख्शानच्या खाणींतला लाजवर्दी निळा. हे रंग भातगोट्याचा तूस व तंतु मिसळलेल्या मातीच्या गिलाव्यावर लावलेले आहेत. त्यांवर शतकांची धूळ, धूर व वटवाघळांची घाण सांचली. आणि मग सुधारकांचा हात लागला. ग्रिफिथ्स यांच्या काळीं नकल करतांना चित्र स्पष्ट दिसावें म्हणून भिंतींवर व्हार्निश लावण्यांत आलें. निजाम सरकारनें सन १९२० मध्यें लोरेंझो चेक्कोनी व काउंट ओर्सिनी या इटालियन तज्ज्ञांस आणवून सुटत चाललेला गिलावा पक्का करविला. त्यामुळें पुष्कळ चित्रें पडतां पडतां वांचलीं, हें त्यांचें ऋण मान्य केलें पाहिजे. परंतु त्या जुन्या पिढ्यांनीं रंग खुलविण्यासाठीं व टिकविण्यासाठीं चढविलेले व्हार्निशाचे व लाखेचे थर पुढें पिवळे पडले, तडकले, आणि धूळ धरून बसले. ते उतरविण्याचें नाजूक काम पुरातत्त्व खात्याच्या रसायनशास्त्रज्ञांना पुढें वर्षानुवर्षें करीत बसावें लागलें.

छायाचित्राचा उद्योगहि तोंपर्यंत प्रौढ झाला होता. निजामाच्या पुरातत्त्व खात्याचे प्रमुख गुलाम याझदानी यांनीं सन १९३० ते १९५५ या काळांत अजिंठ्याच्या चित्रांचे चार भाग छायाचित्रांच्या आधारें, रंगीत व एकरंगी, प्रसिद्ध केले. सन १९५४ मध्यें युनेस्कोनें आपला संग्रह काढला. सन १९९१ मध्यें बिनॉय बहल यांनीं प्रखर दिवे न लावतां, लेण्यांतल्या मंद उजेडांतच फिल्मला दीर्घ वेळ देऊन चित्रें घेतलीं, तेव्हां अंधारांत किती रंग अजून जिवंत आहे हें पाहून लोक थक्क झाले. आणि डिजिटल युगांत नाशिकचे चित्रकार-छायाचित्रकार प्रसाद पवार यांनीं ह्या चित्रांचीं छायाचित्रें घेऊन, झडून गेलेले भाग संगणकावर पुन्हा उभे करण्याचें काम चालविलें आहे.

हे सर्व ग्रंथ एकत्र मांडून पहिल्या लेण्यांतला पद्मपाणि पाहिला, तर प्रत्येक पुस्तकांत त्याची कांति निराळी दिसते. मग खरा पद्मपाणि कोणता? ज्या उजेडांत चित्रकार बसला होता त्या उजेडांतला? आज भिंतीवर व्हार्निशाखालीं आहे तो? कीं व्हार्निश नव्हतें तेव्हां होता असा आपण तर्क करतों तो? ह्या तिन्ही प्रश्नांचीं उत्तरें तीन आहेत, आणि छायाचित्रकारानें आपण कोणत्या प्रश्नाचें उत्तर देत आहों तें स्पष्ट सांगणें हाच त्याचा प्रामाणिकपणा. तक्त्याशीं ताडून आज जसें आहे तसें दाखविलें, तर तो पुरावा होय. फिका पडलेला निळा पुढें आणला, तर तें विवेचन होय. झडलेला भाग भरला, तर ती पुनर्रचना होय. तिन्हींना जागा आहे. एकाच्या नांवावर दुसरें खपवूं नये, एवढेंच.

आणि ह्याच ठिकाणीं कच्च्या छायाचित्राचा मोठा गुण लक्षांत येतो. संगणकावर रंग कितीहि वाढविला, घटविला, चुकविला, तरी मूळ आंकड्यांच्या वहीला धक्का लागत नाहीं. आपण केलेल्या सूचना निराळ्या लिहिल्या जातात. आजच्या छायाचित्रकाराची अभिरुचि उद्यांच्या पिढीला पटली नाहीं, तर ती पिढी त्याच वहीपासून पुन्हा आरंभ करील. भिंतीवर चढविलेल्या व्हार्निशाला अशी माघार नव्हती. रंग खुलविण्याची हौस जुन्यांनाहि होती आणि आपल्यालाहि आहे. जुन्यांनीं ती भिंतीवर भागविली, आपल्याला ती प्रतीवर भागवितां येते. मात्र ही वही एकाच ठिकाणीं ठेवूं नये. गिल आणि ग्रिफिथ्स यांच्या नकला एकेका इमारतींत होत्या, म्हणून एकेका आगींत गेल्या. दोन-तीन प्रती, निरनिराळ्या ठिकाणीं, आणि सोबत त्या दिवशींच्या उजेडाची व तक्त्याची नोंद, एवढी काळजी घरच्या लग्नाच्या छायाचित्रांनाहि लागू आहे.

तेव्हां नालासोपाऱ्याच्या त्या गृहस्थानें निराश होण्याचें कारण नाहीं. त्यानें पूर्णाच्या भावाचें जहाज पुन्हा उघडावें. आधीं पांढऱ्याचा तोल बसवावा, मग उजेडाची चढण, आणि रंगाला हात घालावयाचा तो सर्वांच्या शेवटीं, हलक्या बोटानें. मातींतला तांबडा व तुफानांतला तो निळा हळूहळू वर येतील. भडक होऊन नव्हे, आपल्या अंगच्या तेजानें. मोळींतलें चंदन पूर्णानें ओळखलें, तें त्याला रंग चढवून नव्हे. लांकूड होतें तसेंच होतें; पाहणाऱ्याला पारख होती.